जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाच्या बुलेट ३५० मोटरसायकलमध्ये कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) टायमिंग आधी लावावे की इग्निशनचे (ठिणगी पडण्याचे)?

कॅमचे टायमिंगच आधी लावावे, कारण या इंजिनात पॉइंटचा (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) शाफ्ट कॅमच्या गिअरांकडूनच फिरतो आणि पाया चुकला तर वरचे सारे माप व्यर्थ जाते. क्रँकच्या पिनियनवरील (छोट्या गिअरवरील) व कॅम गिअरांवरील खुणा जुळवल्यावर प्लग काढून, टॉप गिअरमध्ये मागचे चाक पुढे फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या (मिश्रण दाबण्याच्या) स्ट्रोकवर आणावा. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याने दोन्ही पुशरॉड (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांड्या) बोटांनी सहज फिरतात. मग पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवावी, आणि हे टायमिंगपूर्वीच करावे, कारण गॅप बदलली की टायमिंगही सरकते. पिस्टन शिखराच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या, ०.८ मिमी अलीकडे असताना, ॲडव्हान्सची वजने (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) मिटलेल्या स्थितीत, पॉइंट नुकते उघडू लागले पाहिजेत. पॉइंटांत सिगारेटचा पातळ कागद धरून हलके ओढत राहावे. तो ज्या क्षणी सुटतो तोच उघडण्याचा क्षण. येथे घाई करू नये, कारण पॉइंटचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि तेथील एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. पिस्टन नेहमी मागे नेऊन पुढे आणावा, म्हणजे गिअरांतील ढिलाई मापात येत नाही. मात्र ही मापे मूळ पॉइंटवाल्या इंजिनासाठीच आहेत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असल्यास त्या संचासोबत दिलेले माप पाळावे.