व्हिक्टोरियन काळातले नवरा-बायको मिळून खुनांचा छडा लावतात, अशी इंग्रजी कादंबरीमालिका कोणती? सुरुवात कुठून करू?

ॲन पेरी यांची थॉमस आणि शार्लट पिट मालिका घ्या, सुरुवात 'द केटर स्ट्रीट हँगमन' (१९७९) पासून. काळ १८८१, जागा लंडन. थॉमस पोलीस इन्स्पेक्टर, शार्लट सुखवस्तू घरची लेक. खरी गंमत या जोडीच्या विजोडपणात आहे: पोलीस म्हणजे मागच्या दाराने यायचा माणूस, बड्या घरांत त्याला कोण काय सांगणार? ती मात्र चहाला म्हणून जाते आणि घरातलं सगळं काढून आणते. फक्त पहिल्या भागात त्यांचं लग्न झालेलं नसतं. नवरा-बायकोच हवे असतील तर थेट दुसरा भाग, 'कॅलँडर स्क्वेअर', उघडलात तरी चालेल. पण तो जपून वाचा, बागेत नवजात अर्भकांचे मृतदेह सापडण्यापासून गोष्ट सुरू होते.

इतकं काळोखं नको असेल, तर एलिझाबेथ पीटर्स यांची अमेलिया पीबॉडी मालिका वाचा. काळ साधारण तोच, पण जागा इजिप्त: उत्खनन, ममी आणि नवरा-बायकोची अखंड भांडणं. लेखिकेची स्वतःची इजिप्तविद्येत डॉक्टरेट होती, त्यामुळे तपशील पक्के आहेत.