‘अल्ला’: विशेषनाम की सामान्यनाम?

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे: “मलेशियातल्या खटल्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात कॅथलिक साप्ताहिक देवाला ‘अल्ला’ म्हणते. मी तिथे ‘देव’ लिहिले, संपादकांनी खोडून ‘अल्ला’ केले. बरोबर कोण? आणि अल्ला हे विशेषनाम की सामान्यनाम?”

ताई, आधी एक आठवण सांगतो. मस्कतला नोकरीला असताना माझ्या शेजारच्या टेबलावर लेबनॉनचा एक मॅरोनाइट कॅथलिक बसायचा. डबा उघडण्याआधी तो कपाळ, छाती आणि खांद्यांना बोटे लावून पुटपुटायचा, “बिस्मिल आब, वल इब्न, वर्रूहिल कुदुस”. म्हणजे पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. त्यातला ‘बिस्म’ ऐकून मी पहिल्या दिवशी चमकलोच. आपण ज्याला बिस्मिल्ला करणे म्हणतो त्यातलाच हा ‘बिस्म’, ‘नावाने’. त्याच्या गाडीच्या आरशाला लाकडी क्रूस लटकवलेला होता आणि त्यावर अरबीत कोरले होते, ‘अल्लाह महब्बा’. महब्बा म्हणजे आपल्या ओळखीची मोहब्बतच. मराठी बायबलमध्ये हेच वाक्य ‘देव प्रीती आहे’ असे येते. तुम्ही ख्रिस्ती असून अल्ला कसे म्हणता, असे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, “माझ्या आजीला देवासाठी दुसरा शब्दच माहीत नव्हता.”

या उत्तराला व्युत्पत्तीचाही आधार आहे. अरबीत ‘इलाह’ म्हणजे देव, कोणताही देव. त्याला ‘अल’ लागून ‘अल-इलाह’, ‘तो देव’, आणि त्याचे ‘अल्लाह’ झाले असे बहुतेक भाषाअभ्यासक मानतात. हिब्रूतला ‘एलोआह’ आणि सिरियाक या पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या भाषेतला ‘आलाहा’ ही त्याची भावंडे. क्रुसावरून येशू ‘एलोई, एलोई’, माझ्या देवा, असा टाहो फोडतो, तोही याच घराण्यातला शब्द.

पण व्याकरण एवढ्यावर थांबत नाही. ‘इलाह’चे अनेकवचन होते, ‘अल्लाह’चे होत नाही. कलम्यातच दोन्ही शब्द शेजारी उभे आहेत: ‘ला इलाह इल्लल्लाह’, अल्लाहखेरीज देव नाही. पहिला उघड सामान्यनाम आहे, दुसरा विशेषनामासारखा वागतो. म्हणून ‘हे आमच्या ईश्वराचे नाव आहे’ असे एखादा मुसलमान म्हणतो तेव्हा तो हट्ट करत नसतो. त्याच्या कानाला तो शब्द तसाच लागतो. आपल्याकडे ‘माउली’ पाहा. कोशात अर्थ आई. वारकऱ्याच्या तोंडी माउली म्हणजे ज्ञानेश्वर, आणि वांद्र्याच्या जत्रेला निघालेल्या कोळणीच्या तोंडी ‘मोत माउली’ म्हणजे मरिया. शब्द एक, पण प्रत्येकाने तो आपल्या जिव्हाळ्याने विशेषनाम करून घेतला आहे.

मलेशियात नेमका इथेच पेच पडला. ‘हेराल्ड’ या कॅथलिक साप्ताहिकाच्या मलय आवृत्तीत हा शब्द छापू नका, असे सरकारने २००७ मध्ये बजावले. धर्मांतरासाठी त्याचा वापर होईल आणि मुसलमानांचा गोंधळ उडेल, ही भीती. चर्च कोर्टात गेले. ३१ डिसेंबर २००९ रोजी उच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला आणि दुसऱ्याच आठवड्यात चर्चवर हल्ले सुरू झाले, जाळपोळ झाली. पुढे मशिदींचीही विटंबना झाली. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च पातळीवरही चर्चला दाद मिळाली नाही.

‘मग दुसरा शब्द वापरा की, तुहान आहे’ असे तेव्हा अनेकांनी सुचवले. ऐकायला सोपे आहे. पण मलय बायबलात ‘तुहान’ म्हणजे प्रभू आणि ‘अल्लाह’ म्हणजे देव, आणि कितीतरी ठिकाणी ते जोडीने येतात: ‘तुहान अल्लाह’. मराठी बायबलात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, ती जोडी ‘परमेश्वर देव’ अशी आहे. उद्या कुणी ‘देव’ वापरू नका, ‘परमेश्वर’ चालवून घ्या म्हटले, तर ओळ होईल ‘परमेश्वर परमेश्वराने’. पिढ्यान्पिढ्या पाठ असलेली प्रार्थना अशी अडखळायला लागली की ज्याची ती आहे त्याच्या जिवाला काय होते, हे मला सांगायला नको. आणि हा काही कालपरवाचा शब्द नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मलय भाषांतर १६२९ मध्ये छापले गेले, त्यातही देव ‘अल्लाह’च आहे.

उलटे उदाहरणही आहे. नेदरलँड्समधले ब्रेडाचे कॅथलिक बिशप टिनी मस्केन्स यांनी २००७ मध्येच सुचवले की डच लोकांनीही देवाला अल्ला म्हणावे, तणाव निवळेल. ते इंडोनेशियात राहिले होते, तिथल्या मिस्सेत हा शब्द त्यांनी ऐकला होता. हेतू निर्मळ होता, पण डच कॅथलिकांनी तो मनावर घेतला नाही, आणि मला त्यांचे पटते. माल्टाचा कॅथलिक सहज ‘अल्ला’ म्हणतो, ‘येक अल्ला यरीद’ म्हणजे देवाची इच्छा असेल तर, कारण त्याची भाषाच अरबीतून आली. उपवासकाळालाही तो ‘रांदान’ म्हणतो, रमजानचाच भाऊ! डच माणसाच्या तोंडी तो शब्द उपरा आहे. शब्द भाषेचा असतो. तो कुणाकडून काढून घेता येत नाही, तसा कुणाच्या तोंडात घालताही येत नाही.

यावरून दोन्ही धर्मांत फरकच नाही असे मात्र समजू नका. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत मुसलमान एकाच देवाची उपासना करतात असे आदराने म्हटले, आणि ते येशूला देव मानत नाहीत हेही तिथेच नोंदवले. माझ्या लेबनीज मित्राच्या प्रार्थनेत मुसलमान सहकाऱ्याला अडणारा शब्द ‘अल्लाह’ नव्हताच, तो ‘इब्न’ होता, पुत्र. खरे बोलणे तिथून सुरू होते.

आता तुमचा अनुवाद. प्रार्थनेचा किंवा वचनाचा अर्थ द्यायचा असेल तिथे बेलाशक ‘देव’ लिहा. ‘अल्ला प्रीती आहे’ असे लिहिले तर मराठी वाचक वाट चुकेल. पण वाद शब्दाचाच असेल तिथे ‘अल्ला’ ठेवा, नाहीतर खटला कशावर चालला हेच कळणार नाही. मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या ज्या ख्रिस्ती बाईंच्या आठ सीडी २००८ मध्ये विमानतळावर जप्त झाल्या आणि ज्यांच्या बाजूने मार्च २०२१ मध्ये निकाल लागला, त्यांच्या सीडींच्या नावांत ‘केराजाअन अल्लाह’ असे शब्द होते. तिथे मी लिहीन: ‘अल्लाहचे राज्य’, म्हणजे मराठी बायबलातले ‘देवाचे राज्य’. पहिल्यांदा दोन्ही द्या, पुढे वाक्य मागेल ते.