गृहकर्जाच्या पहिल्या वर्षी एवढं तरी करा

आधी वहीत दोन महिने फक्त खर्च लिहा, काहीही कमी करू नका. कुठे गळती आहे ते कळल्याशिवाय लावलेली काटकसर आठवडाभरात मोडते. माझ्या वहीत निघालं ते भलतंच: चहापाणी नव्हे, तर कधी न उघडलेल्या दोन ॲपांची वर्गणी.

आता मुख्य गोष्ट. २० वर्षांचं, ९ टक्के व्याजाचं कर्ज धरा. पहिल्या हप्त्यातल्या दर १०० रुपयांपैकी जवळजवळ ८३ व्याजात जातात, मुद्दल फिटते जेमतेम १७ची. म्हणून वाचवलेला पैसा सुरुवातीच्या वर्षांत भरण्यात खरा फायदा. दरवर्षी एक हप्ता जादा भरलात आणि व्याजदर तोच राहिला, तर कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. मात्र भरताना 'हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी सांगा. मी सांगायला विसरलो आणि बँकेने हप्ताच कमी केला! मुदतपूर्व भरण्यावर दंड आहे का, तेही करारात बघा.

पण सगळंच कर्जात ओतू नका. चारेक महिन्यांचा खर्च हाताशी हवा, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा. तिचं व्याज कितीतरी जास्त असतं.

घरच्यांच्या छोट्या हौसेवर कात्री चालवू नका. मी चालवली होती. सहा महिन्यांत घरात अबोला, आणि मग रागाच्या भरात झालेली खरेदी वाचवलेल्यापेक्षा मोठी निघाली.