‘गायक देव मानतो का?’ हे शेवटी विचार

प्रिय मित्रा,

अमेरिकी गायक-गीतकार सुफ्यान स्टीव्हन्सच्या ‘कॅसिमिर पुलास्की डे’ या गाण्यावरचं तुझं टिपण मिळालं. गाणं तुझ्या आत उतरलंय, हे पानापानावर दिसतं. पण पहिल्याच परिच्छेदात तू निकाल देऊन मोकळा झालास: ‘या गाण्यात गायकाची श्रद्धा संपते.’ मला हे पटत नाही.

२००५च्या ‘इलिनॉय’ अल्बममधलं हे गाणं. हाडांचा कॅन्सर झालेली मुलगी आणि तिच्यावर जीव असलेला मुलगा. मंगळवारी रात्री बायबल अभ्यासाला जमलेली मंडळी हात वर करून तिच्यासाठी प्रार्थना करतात, आणि काहीही घडत नाही. तुझं सगळं टिपण या ओळीवर उभं आहे. ओळ काळीज चिरणारीच आहे. पण तिच्यानंतरही हा मुलगा देवाचा महिमा गातो, पुन्हा पुन्हा गातो. त्याच दमात देवाचा चेहरा दिसल्यावर झालेला गुंताही सांगतो. श्रद्धा संपली असेल तर हा महिमा कशासाठी? याचं उत्तर तुला द्यावं लागेल.

आता शेवटचं कडवं बघ. येशूने आपली जागा घेतली, माणसांच्या पापाची शिक्षा स्वतः भोगली, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. कडवं तिथून सुरू होतं. लगेच तोच देव मुलाला खांद्यांना धरून गदागदा हलवतो, आणि मग नेतो, नेतो, नेतच राहतो. इथे बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट माहीत नसेल तर निम्मं गाणं हातातून निसटतं. गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, तरी ईयोब म्हणतो की परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, धन्य त्याचं नाव. स्टीव्हन्सने त्यातलं नेणं तेवढं ठेवलं. देणं गाळलं, धन्यवादही गाळला. ज्याला ते वचन पाठ आहे, त्यालाच ही गाळलेली जागा दुखते. शब्द संपल्यावर ट्रम्पेट येतो, तोही नीट ऐक. ती चाल मला रागाची वाटत नाही.

तू तुकोबांची आठवण काढलीस, ते आवडलं. पण तुलना जपून कर. तुकोबा कितीतरी अभंगांत विठ्ठलाला समोर उभा करून भांडतात. या गाण्यातला ‘तू’ म्हणजे ती मुलगी. देव ‘तो’ आहे. मुलगा देवाला जाब विचारत नाही. देवाने काय केलं ते तो तिला सांगतोय, आणि ती तर गेलेली आहे. मला या गाण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते आणि तुझ्या टिपणात तिच्यावर एक वाक्यही नाही.

तुझा निष्कर्ष डेव्हिड बाझानच्या २००९च्या ‘कर्स युअर ब्रँचेस’ या अल्बमला शोभला असता. ख्रिस्ती वर्तुळात नाव कमावलेल्या या गायकाने आपला विश्वास गेल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. दोघांना एका मापाने मोजू नकोस.

तेव्हा पहिला परिच्छेद काढून टाक. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचे पहिले तीन अध्याय वाच. तिसऱ्यात तोच ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. मग ‘तू’ आणि ‘तो’ कुठे कुठे येतात त्यावर खुणा कर आणि टिपण शेवटच्या कडव्यापासून नव्याने लिहायला घे. नवा खर्डा झाला की पाठव, मी वाट बघतोय.