क्षार काढायचे की प्यायचे?

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला एक तरुण घरी आला. बोअरचं पाणी मीटरने तपासून म्हणाला, "यात क्षार फार आहेत काकू, ते काढायलाच हवेत." नंतर बारा-पंधरा हजारांनी महाग असलेलं दुसरं यंत्र दाखवून म्हणाला, "यातून क्षारीय पाणी येतं, प्रकृतीला फार उत्तम." काकूंचा प्रश्न अगदी रास्त आहे. क्षार काढायचे की प्यायचे? आणि 'क्षारीय' हा शब्द मराठीत बरोबर आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण हा शब्द कानावर पडला की माझ्या कपाळाची शीर उडते. नाही, मराठीत तो बरोबर नाही. तो हिंदी पत्रकातून उचललाय आणि उचलताना त्याचा अर्थ तपासायची कुणाला गरज वाटलेली नाही. हिंदी शाळेत पोरं अम्ल, क्षारक आणि लवण शिकतात. आपली पोरं आम्ल, आम्लारी आणि क्षार शिकतात. म्हणजे हिंदीत क्षार आम्लाच्या विरुद्ध टोकाला बसतो, आणि मराठीत तो आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून जन्मतो, हिंदी ज्याला लवण म्हणते तो. गुजराती या बाबतीत आपल्या बाजूला आहे. तेव्हा 'क्षारीय पाणी' म्हणजे मराठी कानाला 'खारट पाणी'. तेच पैसे मोजून कोण विकत घेईल? अल्कधर्मी म्हणा, आम्लारिधर्मी म्हणा, अगदी अल्कलाइन म्हणा, माझी हरकत नाही.

पण मग खरा क्षार कुठला, हिंदीतला की आपला? इथे गंमत सुरू होते.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत क्षार आणि लवण सरळ वेगळे आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात पहिल्याच अध्यायात तीन द्रव्यं अति वापरू नयेत असं सांगितलंय: पिप्पली, क्षार, लवण. दोन्ही एकच असते तर वेगळी मोजली नसती. त्याच चरकात सूत्रस्थानात ऋषींची सभा भरते आणि रस, म्हणजे चवी, किती यावर वाद होतो. निमी वैदेह म्हणतो सात, आणि सातवा म्हणून तो क्षार मोजतो. लवण आधीच्या सहांत आहेच. शेवटी निर्णय असा की क्षार हा रस नव्हेच, अनेक रसांतून झालेलं ते द्रव्य आहे. चव नाही, पदार्थ आहे! आज आपण 'खारट' ही चव म्हणतो तेव्हा तो वाद हरलेल्या निमीच्याच बाजूने बोलत असतो.

आता सुश्रुत. त्याने क्षार करायची जी कृती दिलीय ती वाचताना स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा एकत्र दिसतात. मोख्याचं झाड जाळायचं, सोबत कुडा, पळस वगैरे. एक द्रोण (हे जुनं माप) राख सहा द्रोण पाण्यात कालवायची आणि कापडातून एकवीस वेळा गाळायची. गाळलेलं पाणी मोठ्या कढईत पळीने ढवळत आटवायचं, स्वच्छ, लालसर, तीक्ष्ण आणि बुळबुळीत होईपर्यंत. मग त्यात शंख, चुनखडी लालबुंद तापवून घालायची. रसायनाच्या भाषेत सांगायचं तर राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटवर चुन्याची क्रिया होऊन दाहक पोटॅश तयार होतं आणि खडू तळाशी बसतो. प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 साली हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, त्यात या कृतीची आवर्जून दखल घेतलीय. ही मीठ करायची कृती नव्हे. हा भगंदर आणि मूळव्याध जाळायचा जहाल अल्क, म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी, आहे. आजही आयुर्वेदाच्या दवाखान्यात 'क्षारसूत्र' बांधतात तेव्हा त्यावर आघाड्याचा क्षार चढवलेला असतो, मिठाचं पाणी नसतं.

मग सुश्रुताने शब्दाची व्युत्पत्ती दिलीय: 'तत्र क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः'. क्षरण म्हणजे झरणं, गळणं. क्षणन म्हणजे इजा करणं. टीकाकार सांगतात की सडलेलं मांस गाळून पाडतो म्हणून तो क्षार. तुलनात्मक भाषाशास्त्राची मंडळी तिसरीच वाट धरतात. त्यांच्या मते 'क्षै' म्हणजे जळणे या धातूशी नातं, आणि ग्रीकमधला 'क्सेरोस' म्हणजे कोरडा हा त्याचा भाऊ. (याच क्सेरोसपासून अरबीमार्गे युरोपात 'एलिक्सिर' पोचला. म्हणजे या हिशेबाने मूळव्याधीचा क्षार आणि अमरत्वाचं रसायन हे चुलतभाऊ ठरतात.)

मला दोन्ही मान्य नाहीत. टीकाकार वैद्य होते, त्यांना जखम दिसली. भाषाशास्त्रज्ञांना कोश दिसला. कापडातून ठिबकणारं राखेचं पाणी दोघांनीही पाहिलेलं दिसत नाही. माझ्या मते क्षार हे नाव गुणावरून पडलेलं नाही, कृतीवरून पडलंय. राख किंवा माती पाण्यात कालवली, झरवली, आटवली आणि जे हाती लागलं ते क्षार. सगळं कोडं या एका गोष्टीने सुटतं. जवखार, सज्जीखार, टाकणखार, आपला पापडखार हे सगळे अल्कधर्मी. पण सोरा मात्र उदासीन लवण, आणि तरी आयुर्वेदवाले त्याला सूर्यक्षार म्हणतात. का? कारण सोरासुद्धा माती भिजवून, झरवून, आटवूनच काढत. अल्क असो की लवण, रीत तीच. तेव्हा मराठी पाठ्यपुस्तकवाल्यांनी 'क्षार' लवणाच्या पदरात टाकला तो मला अगदीच अन्याय वाटत नाही, आणि हिंदीवाल्यांनी अल्काला दिला तोही नाही. दोघांनी एकाच गाळणीखाली आपापली वाटी धरली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. संस्कृत 'क्षरति' प्राकृतात 'झरइ' झालं आणि मराठीत झरणं. (क्षचा झ झालेला पाहून कुणी भुवया उंचावू नयेत. क्षीयते, झिज्जइ, झिजणे ही शेजारचीच जोडी आहे.) म्हणजे डोंगरातला झरा आणि पापडातला खार एका आईची लेकरं. आणि तिसरं भावंड? ज्याचं क्षरण होत नाही ते. अक्षर! तुम्ही आत्ता वाचताय ते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर असे दोन पुरुष सांगितलेत, आणि त्यांचंच घराणं आपल्या फोडणीच्या डब्याशेजारी पापडखाराच्या पुडीत बसलंय. मला तर आता घराच्या ओल्या भिंतीवर पांढरे क्षार फुटलेले दिसले की वाटतं, जे झरतं त्याने अक्षरं काढायला घेतलीत.

अजून एक, आणि ही व्युत्पत्ती नव्हे, निव्वळ योगायोग आहे, कुणी पुढे पाठवू नये: 'राख' हा शब्द उच्चाराच्या उलट क्रमाने म्हणा. खार! राख ही रक्षेची, कोल्हापूरकडे 'रक्षाविसर्जन' म्हणतात तीच. दोन्हीकडचा ख क्षपासून आलेला.

गंमत म्हणजे अरबांनीही हेच केलं. त्यांचा 'कली' म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख, मुळात भाजणं-परतणं या अर्थाच्या धातूवरून. त्याला 'अल' लागला आणि अल्कली झाला. आपल्या पाठ्यपुस्तकातला 'अल्क' तो हाच, शेपूट कापून संस्कृत धोतर नेसवलेला. हम्फ्री डेव्हीने 1807 साली पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने नवा धातू वेगळा केला, त्याला पोटॅशियम म्हटलं. पोटॅश म्हणजे भांड्यातली राख. त्याची संज्ञा मात्र 'के' राहिली, कॅलियमवरून, म्हणजे पुन्हा त्या कलीवरूनच. आवर्तसारणीत एकोणिसाव्या घरात चक्क चूल बसलीय.

आता 'आम्लारी'. आम्ल अधिक अरी, आम्लाचा शत्रू, मुरारीच्या चालीवर. हा शब्द मला मनापासून आवडतो. एक विद्वान स्नेही मात्र म्हणतात की तो कृत्रिम आहे, सरळ 'बेस' म्हणावं. बेस तरी कुठून आला? रूएल नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने 1754 मध्ये ही कल्पना मांडली: आम्लं बहुधा उडून जाणारी, त्यांना घट्ट रूप द्यायला जी बैठक लागते ती बेस. त्यांनी आधार पाहिला, आपण वैर पाहिलं. वैराची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. क्षाराने पोळलं तर आंबट पदार्थ लावून शमवावं असं सुश्रुत सांगतो. पाण्याने आग विझावी तसा क्षार विझतो आणि त्याला माधुर्य येतं, असं त्याचं म्हणणं. उदासिनीकरण आणखी काय असतं? आणि माधुर्य म्हणाल तर, या संयोगातून निघणाऱ्या सगळ्यात प्रसिद्ध लवणाला मराठीत म्हणतात मीठ, मिष्टपासून आलेला शब्द! हिंदीत मीठा म्हणजे गोड, आपल्याकडे मीठ म्हणजे... असो, या वाटेला गेलो तर परत यायचा नाही.

'खार खाणे' यात हा खार नाही. तिथे फारसी 'खार', म्हणजे काटा, असंच मी मानतो. पापडखार खाल्ल्याने कुणी आयुष्यभर राग धरल्याचं ऐकलेलं नाही.

ज्यांना अल्क आणि क्षार यांतला फरक शहरी पत्रकांपेक्षा चांगला कळतो ते लोक कोण, तर शेतकरी. सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाणी पाजून पाजून बिघडलेल्या जमिनींची दोन वेगळी नावं आहेत. क्षारपड आणि चोपण. क्षारपड जमिनीत विद्राव्य लवणं साचतात, वर पांढरं फुटतं, पण सामू (म्हणजे पीएच) साडेआठच्या खालीच असतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि सामू साडेआठच्या वर जातो. पहिलीला निचरा काढून भरपूर पाण्याने धुवायचं, म्हणजे क्षरणच! दुसरीला आधी जिप्सम द्यावं लागतं. उपचार वेगळे म्हणून नावं वेगळी. भाषा अशी घडते, समितीत नाही.

आणि 'चोपण' कुठून? सगळे सांगतात चोपणे, म्हणजे धोपटून कडक करणे, कारण ही जमीन वाळली की दगड होते. पटण्यासारखं आहे, पण मला नाही पटत. ती ओली असताना कुणी तिच्यात पाय घातलाय का? साबणासारखी बुळबुळीत लागते. मला तिथे 'चोपडा', 'चोपडणे' दिसतं, तेलकट, निसरडं. सुश्रुताने तयार क्षाराची जी खूण सांगितली तीच: पिच्छिल. अल्काचा गुणच तो, तो बोटांच्या कातडीवरच्या स्निग्धाचा साबण करतो. वाळलेल्या जमिनीवरून नाव ठेवणारा बांधावर उभा होता, ओल्या जमिनीवरून ठेवणारा आत, असं माझं म्हणणं. यावर मला ठणकावणारी पत्रं येतील. येऊ देत. विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्यांनी मात्र जरूर लिहावं, त्यांच्याकडे या जमिनीला आणखी काय म्हणतात ते मला हवंय.

हां, काकूंचं यंत्र.

बोअरच्या पाण्यात जे असतात ते मराठी अर्थाचे क्षार: मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं, क्लोराइडं, सल्फेटं. गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ते त्यांचंच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत. तेव्हा मीटरवरचा आकडा विचारा. फार मोठा असेल तर क्षार काढा. सामू त्याच मानकात साडेसहा ते साडेआठ सांगितलाय. त्या 'क्षारीय' पाण्याचा सामू साडेनऊ असला तरी घशाखाली ते ज्या जठरात जातं तिथलं आम्ल दोनच्या आसपासचं असतं. आम्लाच्या शत्रूचा तिथे एका घोटात निकाल लागतो. शिवाय काकू, तुमच्या बोअरचं जड पाणी बायकार्बोनेटमुळे बहुधा मुळातच किंचित अल्कधर्मी असणार. पहिलं यंत्र ते काढून घेणार आणि दुसरं खनिजांच्या नळकांड्यातून परत घालून देणार, बारा हजार जास्त घेऊन.

तो मुलगा पुन्हा आला तर त्याला चरकाचा तोच विमानस्थानातला पहिला अध्याय वाचून दाखवा. क्षाराच्या अतिसेवनाने काय होतं याची तिथे यादी आहे: आंधळेपणा, षंढत्व, टक्कल आणि अकाली पांढरे केस. टकलापर्यंत तरी नक्की वाचा.