किट कपाटात, जीव टांगणीला

पत्र : ताई, मी नाशिकला सिडकोत राहते, वय ४३. घरीच ब्लाउज शिवते. माझी भाची लॅबमध्ये कामाला आहे. तिने गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची घरी करायची तपासणी आणून दिली. आपणच काडीने आतला नमुना घ्यायचा आणि नळीत घालून द्यायचा. दिवाळीपासून ते खोकं कपाटात साड्यांखाली पडून आहे. दवाखान्यात पलंगावर पाय वर करून झोपायची मला फार लाज वाटते. धाकटीच्या वेळी एका दवाखान्यात पडदा अर्धा उघडाच होता, ते अजून विसरले नाही. म्हणून हे घरचं बरं वाटलं होतं. पण मला नीट जमलं नाही आणि ‘सगळं ठीक’ असं खोटंच आलं तर? शिवाय हा विषाणू संबंधातून येतो, असं भाची म्हणाली. काही निघालं तर सासूबाई काय म्हणतील? ह्यांच्या मनात काय येईल? ह्यांना विचारून करू का? मोठ्या जाऊबाई म्हणतात, तुला नको तर मला दे. त्यांची पाळी जाऊन तीन वर्षं झाली, मध्ये दोनदा डाग दिसला होता. त्यांचंही तपासून होईल.

उत्तर : ताई, तुमच्या पत्राचा शेवट आधी घेते, कारण तो थांबू शकत नाही. जाऊबाईंना ते खोकं देऊ नका. पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, मग ते एकदाच का असेना, थेट डॉक्टरांनी बघायची गोष्ट आहे. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये जाणं, अंगावरून वास येणारं पाणी जाणं, हेही तसंच. घरची तपासणी असते ती काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी. शिवाय पाळी गेल्यानंतरचा डाग पिशवीच्या आतल्या अस्तराचाही असू शकतो, आणि त्याबद्दल ही काडी काहीच सांगत नाही. कारण साधंही निघेल, बऱ्याचदा तसंच निघतं. पण ते बघूनच कळतं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये स्त्रीरोग विभाग आहे, तिथे याच आठवड्यात त्यांना घेऊन जा. त्या एकट्या जायच्या नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता तुमचं. जमेल का, ही शंका फक्त तुमची नाही. देशोदेशी बायकांना विचारलं, तर घरी नमुना घेणं त्यांना आवडतं, कारण लाज वाचते आणि कुणासमोर झोपावं लागत नाही. त्याच बायका लगेच म्हणतात, पण डॉक्टरांनी घेतलेलंच खरं. आपण भाकरी थापतो, बाळंतिणीला न्हाऊ घालतो, ब्लाउजचा गळा अर्ध्या सुताने चुकला तर उसवून पुन्हा शिवतो, आणि स्वतःच्या अंगाची वेळ आली की आपल्याच हातावर विश्वास नसतो. हे मला फार लागतं.

ही काडी पेशी शोधत नाही, विषाणू शोधते. त्याचं नाव एचपीव्ही. पिशवीच्या तोंडाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरांच्या मुळाशी तोच असतो, आणि त्याच्या १६ व १८ नंबरच्या दोन जातींमुळेच साधारण ७० टक्के कॅन्सर होतात. हा विषाणू पिशवीच्या तोंडाशी असला की योनीतल्या स्रावातही सापडतो. म्हणून काडी नेमकी तोंडाला टेकलीच पाहिजे असं नाही, आणि जमलं नाही ही भीती निम्मी इथेच सुटते. पीसीआर पद्धतीने, म्हणजे विषाणूचा अगदी थोडा अंशही वाढवून शोधणाऱ्या पद्धतीने तपासलं, तर स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास बरोबरीने विषाणू पकडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात ३० वर्षांपुढच्या बायकांसाठी याच तपासणीला पहिली पसंती दिली आहे, आणि नमुना स्वतः घेतलेला चालतो असंही म्हटलं आहे.

पाळी चालू नसताना करा. हात धुवा, एक पाय स्टुलावर ठेवा किंवा उकिडवं बसा, आणि अंग सैल सोडा. घाईत अंग आवळलं जातं आणि मग टोचतं. काडी किती आत आणि किती वेळा फिरवायची ते खोक्यातल्या कागदावर चित्रासकट असतं, तेवढंच करायचं. काडी आत हरवत नाही, तो रस्ता वर बंद असतो. नमुना अपुरा पडला तर बहुतेक वेळा लॅब पुन्हा मागते. दिवाळीपासून पडलंय म्हणता, तर खोक्यावरची मुदतीची तारीख मात्र आधी बघा. घरात माणसं असतील तर दुपारी, सासूबाई झोपल्या की न्हाणीघराची कडी लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पण तुमची खरी भीती काडीची नाही, निकालाची आहे, आणि तिथे मला जरा सविस्तर बोलायचंय. एचपीव्ही संबंधातून येतो हे खरं. त्यात लपवण्यासारखं किंवा कुणावर बोट रोखण्यासारखं काही नाही. संबंध आलेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधीतरी तो होतो, अगदी एकाच माणसाशी संसार केलेल्यांनाही. बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला हुसकावून लावतं, कळतसुद्धा नाही. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. म्हणजे आज तो सापडला तर तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. तुमच्या यजमानांबद्दलही तो काही सांगत नाही आणि तुमच्याबद्दलही नाही. रिपोर्टवरून चारित्र्याचा निवाडा करणारी माणसं घरोघर आहेत, मला येणाऱ्या पत्रांत ती दिसतात. त्यांच्या भीतीने बायका तपासतच नाहीत, आणि रक्त जायला लागल्यावर दवाखान्याची पायरी चढतात. आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या जवळपास जातात. ज्या रोगाची चाहूल दहा-पंधरा वर्षं आधी लागू शकते, त्या रोगाने! मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

ही तपासणी आपल्याच मातीत पारखलेली आहे. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निकाल छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. नमुने तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते, हे सांगायला हवं. पण त्या बायकाही तुमच्यासारख्याच लाजत असणार, आणि तरी आल्या.

निकालात विषाणू नाही असं आलं, तर पाच वर्षं तरी निर्धास्त राहा. मात्र मधे वर सांगितलेला त्रास झाला तर दाखवायचं. आहे असं आलं, तर तो कॅन्सर नव्हे. मग मात्र पलंगावर झोपावं लागेल, ते टळणार नाही. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून किंवा दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघतात. कॅन्सरपूर्व बदल दिसले, तर ती जागा उष्णतेने जाळता येते किंवा तेवढाच भाग काढता येतो, आणि बहुधा त्याच दिवशी घरी येता येतं. म्हणून माझं एक ऐका. काडी हातात घेण्याआधी, निकाल वाकडा आला तर कुठे जायचं ते ठरवा. बाई डॉक्टर हवी, पडदा पूर्ण ओढून हवा आणि सोबत जाऊबाई आत हव्यात, हे आधीच मोकळेपणाने मागा. तो तुमचा हक्क आहे. पुढचे उपचार लागलेच, तर शालिमारजवळच्या संदर्भ रुग्णालयात कॅन्सरचा विभाग आहे. निकाल येऊनही पुढे न जाणं हे न तपासण्याइतकंच वाईट, म्हणून हे आधी.

आता यजमान. त्यांना विचारायची गरज नाही, तुमचं अंग आहे. सांगावंसं वाटलं तर जरूर सांगा, पण परवानगी मागितल्यासारखं नको. ‘मी तपासणी करून घेतेय, तिशीनंतर सगळ्याच बायकांनी करायची असते,’ एवढं पुरे. विषाणूचं वर लिहिलंय ते त्यांना वाचायला दिलंत तर आणखी बरं. सासूबाईंना सांगायलाच हवं असं मला वाटत नाही.

आणि भाचीशी एकदा बोलून घ्या. रिपोर्ट कुणाच्या मोबाइलवर येतो ते विचारा. बऱ्याचदा लॅबमध्ये नमुना नेऊन देणाऱ्याचा नंबर पडतो आणि मग घरच्या ग्रुपवर बातमी फिरते. फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहा. मुलं तुमचा फोन हाताळत असतील, तर तेवढे दिवस त्याला लॉक घाला.