पायलटसारखा डिस्प्ले बाइकच्या हेल्मेटमध्ये का येत नाही?

तुमचा प्रश्न असा, की फायटर पायलटला हेल्मेटच्या काचेवर सगळं दिसतं, मग रोज ठाण्याहून ऐरोलीला बाइकने जाणाऱ्याला वेग आणि नकाशा तसाच का दिसू नये. मी पायलट नाही. महापे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि दोन वर्षं सेफ्टी हेल्मेटला अडकवलेला डिस्प्ले वापरतोय, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

पायलटच्या हेल्मेटची खरी करामत काचेवरच्या आकड्यांत नाही. त्याचं डोकं कुठे वळलंय हे विमानाला कळतं, करामत ती आहे. १९८०च्या दशकातल्या मिग-२९च्या हेल्मेटवर आकडे नव्हतेच, डोळ्यापुढे नेम धरायचं वर्तुळ तेवढं. हेल्मेटवर इन्फ्रारेड दिवे, ते टिपायला कॉकपिटमध्ये सेन्सर. पायलट मान वळवेल तिकडे आर-७३ क्षेपणास्त्राच्या तोंडातला लक्ष्य शोधणारा सेन्सर वळणार, अख्खं विमान वळवायची गरज नाही. अपाचे हेलिकॉप्टरची तोफही अशीच पायलटच्या मानेबरोबर फिरते. इथे कोन मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली, तर पाच किलोमीटरवर नेम ४४ मीटर हुकतो! अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानात तर पायलटसमोरची एचयूडीची, म्हणजे आकडे दाखवणारी काच काढूनच टाकली आणि सगळं हेल्मेटवर आणलं. विमानाच्या अंगावरच्या सहा कॅमेऱ्यांमुळे त्याला पायाखालची जमीनसुद्धा दिसते. त्या एका हेल्मेटची किंमत चार लाख डॉलरच्या घरात.

बाइकवर आपल्याला नेम कुणावर धरायचाय? (विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली आडव्या घुसणाऱ्या रिक्षांवर धरावासा वाटतो, ते सोडा.) नेम वगळला की उरतो डोळ्यापुढे टांगलेला मोबाइल. तोही नीट टांगणं सोपं नाही. पायलटला दिसणारी चिन्हं भिंगांतून अशी आणलेली असतात, की ती खूप लांब, क्षितिजापाशी असल्यासारखी दिसतात. आकाशावरून आकड्यावर येताना डोळ्याला फोकस बदलावा लागत नाही. शिवाय भर उन्हात दिसेल इतका उजेड हवा, आणि रात्री तोच उजेड डोळ्यांत जाता कामा नये. ताशी ६०च्या वेगात सेकंदाला जवळपास १७ मीटर मागे पडतात, हे लक्षात घ्या. अमेरिकेत स्कली नावाच्या कंपनीने २०१४ला लोकवर्गणीतून असं बाइक हेल्मेट काढायचं ठरवलं होतं. २०१६ला कंपनीच बंद पडली.

आता माझ्याकडचं. हेल्मेटच्या कडेला एक दांडी, तिच्या टोकाला नखाएवढा स्क्रीन, डोळ्याच्या जरा खाली. खाली नजर टाकली की वायरिंगचं ड्रॉइंग दिसतं, आणि मी काय बघतोय ते पुण्यात बसलेल्या इंजिनिअरला दिसतं. कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं असताना ड्रॉइंगची पानं उलटावी लागत नाहीत, हे सुख करून बघितल्याशिवाय कळणार नाही. हुकूम तोंडी द्यायचे, तेही इंग्रजीत. कंप्रेसर चालू असला की ‘झूम इन’ चार वेळा ओरडायचं. आमच्यातल्या एकाचं तर ते यंत्र शांततेतही ऐकत नाही.

पहिले पंधरा दिवस माझं डोकं ठणकायचं. मी चष्म्याचा नंबर तपासून आलो, तो तसाच. मग एका हेल्परने सांगितलं म्हणून करून बघितलं: हात लांब करून दोन्ही तळव्यांत छोटी खिडकी करायची, तिच्यातून लांबचा दिवा बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा खिडकीतच दिसतो, तो तुमचा हुकमी डोळा. माझा डावा निघाला, आणि स्क्रीन लावला होता उजव्यापुढे. दांडी डावीकडे घेतली, आठवड्याभरात त्रास गेला. अपाचेच्या पायलटला ही सोय नाही. त्याचा डिस्प्ले उजव्याच डोळ्यापुढे असतो, डाव्याने बाहेरचं बघायचं, आणि हे जमवताना नवख्यांचं डोकं चांगलंच दुखतं म्हणतात.

आमच्या प्लँटमध्ये एक नियम आहे: चालायला लागलात की दांडी वर. एक जण स्क्रीनकडे बघत चालताना पाण्याच्या होजमध्ये पाय अडकून पडला, तेव्हापासून. नशीब, गुडघ्यावर निभावलं. चार पावलं चालायला जे मी डोळ्यापुढून बाजूला करतो, ते ठाणे-बेलापूर रोडवर टँकरच्या शेजारून जाताना लावायची माझी तरी तयारी नाही. हँडलला दीडशे रुपयांचा मोबाइल होल्डर आहे. तोही सिग्नलला थांबल्यावरच बघतो.